पाय गरम आहे का?

आमच्या वॉर्डात नवीन सिस्टर रुजू झाली की मी तिला एका आजोबांची गोष्ट सांगते. आजोबांच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, जखम सुकत आली होती आणि डॉक्टरांनी सोमवारीच "आता घरी जा" म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी बघते तर आजोबा आपले कॉटवर मांडी घालून चहा पीत बसलेले. मी विचारलं, "का हो, गेला नाहीत?" तर त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "सिस्टर, पिंपळीचं पाव्हणं अजून भेटून गेलं न्हाईत. उद्या यायचं म्हणत्यात. हितं येऊन माणूस कॉटवर दिसला न्हाय तर काय म्हनतील?" बुधवारी पिंपळीचे पाहुणे येऊन शहाळी देऊन गेले. गुरुवारी अमावस्या निघाली. शुक्रवारी मुलाची गाडी कारखान्यावर गेलेली. शनिवारी तर आमच्याकडे दवाखान्यातून कुणी घरी जातच नाही, पुन्हा यावं लागतं म्हणतात. आजोबा रविवारी गेले, तेही जेवून. बिल बघून मुलगा माझ्याशीच भांडला.

बारामतीच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथला हा वॉर्ड पायांचा आहे. पायातली रक्तवाहिनी अडलेली माणसं इथं येतात. इंदापूर आणि बारामतीकडच्या गावांतले बहुतेक जण, ऊसवाले, साठीच्या पुढचे, बिड्या ओढून ओढून आणि साखर वाढवून आलेले. वॉर्डाची मुख्य सिस्टर मी. मला रागवायला कारण लागत नाही असं घरचे म्हणतात. ते खोटं आहे. कारण लागतं, फक्त मला ते लवकर सापडतं.

आमचे डॉक्टर पुण्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला मऊ. ऑपरेशन कसं करणार हे ते पेशंटला चारी काढून समजावतात. म्हणजे कागदावर उसाच्या रानातली पाण्याची चारी काढतात, ती मध्येच बुजलेली दाखवतात आणि बाजूनं वळसा घालून दुसरी चारी खोदतात. "बुजलेली चारी तशीच राहू द्यायची. तुमच्याच मांडीतली एक शीर घेऊन ही नवी चारी करायची. पाणी बोटापर्यंत पोचलं की झालं." पेशंट मान डोलावतात आणि काहीजण डॉक्टरांना चारीचा उतार चुकलाय म्हणून सांगतात.

एकदा डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, लोक उशिरा येतात. बोट काळं पडल्यावर येतात. का येतात उशिरा?" मी म्हटलं, "मला माहितीये. 'तिथं गेलं की पंधरा दिवस अडकतो माणूस आणि एकरभर ऊस दवाखान्यात जातो' असं गावात बोलतात. आणि सर, बोलतात ते बरोबर आहे." मग आम्ही दोघं आणि हिशेबाच्या खोलीतल्या मॅडम असे तिघं बसलो. पेशंट कॉटवर का पडून आहे, हे मी महिनाभर रोज एका वहीत लिहिलं होतं. औषधपाण्यासाठी पडून असलेले थोडे होते. बाकीचे कुणी पाहुण्यांची वाट बघत होतं, कुणी अमावस्येची, कुणी दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा सांगितलेल्या त्याच त्या रक्ततपासणीच्या रिपोर्टची. ऑपरेशनच्या सकाळी "चहा म्हंजे काय खानं हाय व्हय?" असं म्हणून घरच्यांनी अर्धा कप पाजला म्हणून ज्यांचं ऑपरेशन शुक्रवारवर गेलं, असे तर हमखास.

आम्ही सगळं मोडीत काढलं. तपासण्या पहिल्याच भेटीत, एकदाच. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः पेशंटच्या बायकोला समोर बसवून चहावर भाषण द्यायचे. ड्रेसिंगला जेवढं लागेल तेवढंच कापसाचं पाकीट उघडायचं. दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करायचं, तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात फिरवायचं. मंगळवारी ऑपरेशन झालं की शुक्रवारी घरी, कारण शनिवारशी भांडायची ताकद माझ्यातही नाही. आणि पाहुण्यांनी घरी जाऊन भेटायचं. यावर बायका माझ्यावर नाराज होत्या, कारण दवाखान्यात आलेल्या पाहुण्यांना चहा कॅन्टीनचा, घरी आलेल्यांना स्वतःच्या चुलीवरचा. पण बिलं खरंच खाली आली. लोक बोट काळं पडायच्या आधी येऊ लागले. हे मी बघितलंय आणि मला त्याचा अभिमान होता. तेव्हा होता तेवढा आता नाही.

घरी गेल्यावर दहा दिवस रोज संध्याकाळी पाच वाजता वॉर्डातून फोन जायचा. तो फोन म्हणजे या सगळ्याचा पाया. डॉक्टरांनी त्यासाठी पाच प्रश्न लिहून दिले होते. दोन्ही पाय सारखेच गरम आहेत का? रंग कसा आहे? नख दाबून सोडल्यावर पुन्हा लाल होतं का? बोटांना स्पर्श कळतो का? जखमेतून काही येतंय का? मी आठवडाभर हे पाचही प्रश्न विचारले. एका घरी पाच प्रश्नांना अर्धा तास लागायचा. रंग विचारला की "सावळाच हाय, पयल्यापासनं." नख विचारलं की म्हशीच्या खुरापर्यंत गोष्ट जायची. एका आजीनं तर ऊसतोडीची टोळी अजून आली नाही, ऊस तसाच उभा आहे, कारखान्यात कुणाच्या ओळखी आहेत का, हे मलाच विचारलं.

मग मी काटछाट केली. काटछाट हा तर तेव्हा आमचा धर्मच झाला होता. पाचाचा एक प्रश्न केला: पाय गरम आहे का? रक्त पोचत असेल तर पाय गरम, नसेल तर गार. बाकीचं सगळं त्यात आलंच. तसा छोटा कागद छापून घेतला आणि घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पाय गरम असला पाहिजे.

डॉक्टरांनी तो कागद हातात धरून दोनदा वाचला. "फक्त एवढंच, सिस्टर?"

"सर, तुम्ही पुण्यात असता. फोन मी करते."

त्यांनी कागदावर सही करून परत दिला. आता वाटतं, ते मऊ बोलणारे नसते तर बरं झालं असतं.

माझं सासर इंदापूरकडच्या वरकुट्याला. आम्ही दोघं आणि मुलगी बारामतीत राहतो, सासू-सासरे गावी. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामांना बोलायची भारी आवड, असं आम्ही सगळे समजत होतो. घरापासून कॅनॉलपर्यंत जायचं तर मामा चार ठिकाणी थांबायचे. कुणाच्या बांधावर उभं राहून ऊस कसा आलाय विचारायचे, कुणाच्या गोठ्यापाशी म्हशीची चौकशी करायचे, शाळेच्या भिंतीला टेकून मास्तरांशी बोलायचे. मी दरवेळी चेष्टा करायचे. "मामा, निवडणुकीला उभे राहा आता, फिरणं तसंही होतंच तुमचं." मामा हसायचे आणि बिडी पेटवायचे.

आमच्या वॉर्डात पेशंट आला की मी पहिलं विचारते, किती चालल्यावर पोटरी दुखते, थांबल्यावर बरं वाटतं का? रक्त कमी पोचत असलं की असंच होतं. माणूस थोडं चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. हा प्रश्न मी किती माणसांना विचारला असेल, मोजदाद नाही. माझ्याच सासऱ्यांना मात्र निवडणुकीला उभं करत होते. मामा गप्पा मारायला थांबत नव्हते, दुखायचं म्हणून थांबत होते आणि थांबलोच आहोत तर काहीतरी बोलावं म्हणून बोलत होते. दिवाळीनंतर त्यांच्या करंगळीला उसाचा बुडखा लागला, जखम झाली आणि दीड महिना भरेना, तेव्हा मला कळलं. मला माझीच लाज वाटली. ती लाज मी मामांवर ओरडून काढली.

"सांगितलं का नाही मला? रोज पायांच्याच पेशंटमध्ये असते ना मी?"

"तू लई कामात असतीस," मामा म्हणाले. "आन तुझ्या दवाखान्यात गेलं की तू चहा बंद करतीस, असं ऐकलंय."

मामांचं ऑपरेशन मंगळवारी झालं. नवी चारी छान वाहू लागली. पाय इतका गरम आला की मी दोन वेळा हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी उभे राहिले, तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात दोन फेऱ्या झाल्या आणि कुठंही गप्पा मारायला थांबले नाहीत. मी इतर पेशंटच्या नातेवाइकांना बोलावून दाखवत होते. "हे बघा, हे माझे सासरे. सत्तरी पार. तिसरा दिवस." मामा पण रुबाबात हात वर करायचे. शुक्रवारी घरी. पाहुणे बिचारे यायच्या आत मामा वरकुट्याला पोचले. जाताना मी आत्यांच्या हातात माझा कागद दिला. आत्यांना वाचता येतं, पण त्या कागदाकडे बघत नाहीत, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. "आत्या, एकच लक्षात ठेवायचं. पाय गरम असला पाहिजे. मी रोज पाचला फोन करीन."

"गरम असंल," आत्या म्हणाल्या. त्या असं म्हणाल्या की काम झालंच, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

शनिवारी पाचला फोन केला. "आत्या, पाय गरम आहे का?" "हाय की." रविवारी, "हाय. चांगला गरम हाय." सोमवारी, मंगळवारी तेच. मी वॉर्डातल्या कागदावर मामांच्या नावापुढे रोज 'गरम' लिहीत होते. बुधवारी आत्यांच्या मागून मामांचा आवाज आला, "तिला सांग, गरम हाय, पर पाय आपला वाटत न्हाय." आत्या म्हणाल्या, "गप बसा वो, पोरीला उगीच घोर लावू नका." मी हसले. मामांचं बोलणं असंच असतं, चार शब्द जास्तच. ते वाक्य हसण्यावारी नेल्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. बोटांना स्पर्श कळतो का, हा डॉक्टरांचा चौथा प्रश्न होता. मी तो काढून टाकला होता आणि मामांनी न विचारताच त्याचं उत्तर दिलं होतं.

गुरुवारी पाच वाजता मीटिंग होती. दुसऱ्या गावांहून काही डॉक्टर आमची पद्धत समजून घ्यायला येणार होते आणि मी दहा मिनिटं बोलणार होते. नवी साडी नेसून आले होते. फोन राहायला नको म्हणून सगळ्यांना तीन वाजताच लावायला बसले. वरकुट्याचा नंबर तिसरा.

"आत्या, पाय गरम आहे का?"

पलीकडे जरा गडबड झाली. भांडं वाजलं. मग आत्या घाईनं म्हणाल्या, "अगं, आज लवकर कसा केलास फोन? आत्ता जरा गार हाय. वीट चुलीत टाकलीया. अर्ध्या तासानं कर, गरम झाला असंल तवर."

मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मी म्हटलं, "कसली वीट?"

"शेकायची. आपली नेहमीची."

आत्यांची ती वीट सगळ्या आळीला माहीत आहे. पक्की भाजलेली, एका कडेला झिजलेली. चुलीत तापवायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची आणि दुखऱ्या जागी लावायची. माझी मुलगी झाली तेव्हा माझी कंबर आत्यांनी सव्वा महिना त्याच विटेनं शेकली होती. कुणाची मान आखडली, कुणाचा गुडघा धरला की आत्यांना बोलावणं यायचं. सुनेनं सांगितलं पाय गरम असला पाहिजे, म्हणजे तो गरम ठेवायचा. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? आणि रोज पाचला सून फोन करून विचारते, तेव्हा उत्तर चांगलं द्यावं म्हणून साडेचारला वीट चुलीत.

"आत्या, गार कधीपासून पडतोय?"

"दोन दिस झालं. शेकला की हुतो गरम. मग परत गार."

मी उठून उभी राहिले आणि पहिल्यांदा आत्यांशी मोठ्या आवाजात बोलले. वीट बाजूला ठेवा. पायाला कशाचाही शेक द्यायचा नाही. शेजारच्यांची गाडी काढा आणि मामांना आत्ताच्या आत्ता घेऊन निघा. आत्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पण फोन ठेवायच्या आधी मला त्यांचा श्वास ऐकू आला, जोरात पळून आल्यासारखा.

डॉक्टरांना पुण्याला फोन केला. त्यांना वाटलं मीटिंगबद्दल असेल. मी सांगितलं तसे ते म्हणाले, "पोचल्या पोचल्या रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करायला सांगा. मी निघतो." माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

इंदापूरकडून येणारा रस्ता त्या दिवसांत कारखान्यांचाच असतो. उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागे आमची माणसं. दर दहा मिनिटांनी नवऱ्याला फोन करून विचारत होते, कुठं आलेत? तो म्हणायचा, मी बारामतीतच आहे, त्यांच्या गाडीत नाही, मला का विचारतेस? मग परत मीच फोन करायचे. पाच वाजले. मीटिंगला आलेले डॉक्टर खोलीत बसले होते आणि मी नव्या साडीत दवाखान्याच्या दारात उभी होते.

मामा आले ते हसत. पाय उघडा केला तर पोटरीच्या खाली पांढुरका, गार, करंगळी काळपट आणि टाचेला रुपयाएवढा फोड. विटेचा. मी विचारलं, "मामा, हे भाजलं तेव्हा कळलं नाही?" "कळलं असतं तर वरडलो नसतो व्हय?" ते म्हणाले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. माझ्या मनात एकच होतं, पाय जाणार. मामांचा पाय गुडघ्याखालून जाणार आणि तो मी घालवला. दुसऱ्या कुणाची चूक मला शोधूनही सापडत नव्हती, आणि मी शोधली, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. चारीत गाळ अडकला होता, म्हणजे नव्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती त्यांनी काढली. पाय वाचला. करंगळी गेली. बाहेर येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं आणि शेजारी बाकावर बसले. मी म्हटलं, "सर, तुम्ही पाच प्रश्न दिले होते." ते म्हणाले, "आणि मी एकावर सही केली, सिस्टर." इतक्या मऊ माणसावर रागावताही येत नाही.

आत्या व्हरांड्याच्या टोकाला बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला. मी जवळ गेले तशा म्हणाल्या, "मी मालकाचा पाय भाजला. सगळं गाव माझ्याकडनं शेकून घेतं आन मी घरच्याच मानसाचा पाय भाजला."

मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू आवरेना, त्यामुळे त्यांनाच मला धरावं लागलं. "आत्या, तुमचं काही चुकलं नाही. मी म्हणाले गरम पाहिजे, तुम्ही गरम केला. मी दुसरं काही विचारलंच नाही तुम्हाला."

"मग इचारायचं व्हतंस की," आत्या म्हणाल्या. रागानं नाही, पण म्हणाल्या. माझ्या नोकरीत मला वरिष्ठांनी बरंच सुनावलंय. इतकं लागलेलं त्यातलं काही आठवत नाही.

टाचेचा फोड भरायला दोन महिने लागले. सगळ्या काटछाटीत जे वाचवलं, त्यातलं बरंचसं माझ्याच सासऱ्यांच्या टाचेनं परत घेतलं, असं हिशेबाच्या मॅडम म्हणाल्या. चेष्टेत म्हणाल्या, पण म्हणाल्या. पद्धत आम्ही मोडली नाही. लोक अजून मंगळवारी येतात आणि शुक्रवारी घरी जातात, चहावरचं माझं भाषण चालू आहे, अमावस्येला मी अजून दाद देत नाही. फक्त फोनवर पुन्हा पाचच्या पाच प्रश्न आहेत. अर्धा तास लागतो. लागू दे. टोळी आली का, हे आता मीच विचारते.

शुक्रवारी मामा ड्रेसिंगला यायचे तेव्हा आत्या बरोबर असायच्या. एका शुक्रवारी मी एका सांगवीच्या बाईंना कागद समजावत होते. त्या नुसत्या हो हो करत होत्या. आत्या उठल्या, माझ्या हातातला कागद बाजूला केला आणि त्या बाईंच्या नवऱ्याच्या कॉटजवळ गेल्या. त्याचे दोन्ही पाय उघडे केले. हाताची पालथी बाजू आधी एका पायाला, मग दुसऱ्याला लावली. "हे आसं बघायचं. दोनी सारखं लागलं पायजेत. हे नख दाबायचं, पांढरं हुतंय? सोडलं की लाल झालं पायजे. आन शेकायचं न्हाय. काय बी झालं तरी शेकायचं न्हाय. गार लागला तर गार सांगायचं."

त्या बाई म्हणाल्या, "पर गार पडला तर शेकल्याबिगर कसं?"

"मी शेकला व्हता," आत्या म्हणाल्या आणि मामांकडे बोट दाखवलं. "त्यांची करंगळी बघा जावा. न्हाय दिसायची."

मामांनी लगेच चप्पल काढून पाय दाखवला. तेव्हापासून हे शुक्रवारी ठरूनच गेलं. डॉक्टर कागदावर चारी काढतात, मी प्रश्न वाचते, पण बायका ऐकतात ते आत्यांचं. कुणासमोरही स्वतःची चूक सांगायला त्या एकदाही कचरल्या नाहीत. मला ते अजून नीट जमत नाही. मी सांगते तेव्हा "आमच्याकडे एकदा असं झालं" अशी सुरुवात करते.

मामांचे फोनचे दिवस केव्हाच संपले, तरी माझा पाचचा फोन चालू राहिला. आत्या पाचही उत्तरं न विचारता घडाघडा सांगायच्या, गरम हाय, सावळा हाय, लाल हुतंय, कळतंय, काय येत न्हाय. मी ऐकायचे आणि मनात शंका यायचीच. वीट कुठं असेल? ती मी जप्त केली नव्हती. तेवढं धाडस नाही मला.

उन्हाळा लागल्यावर एक दिवस फोन केला. "आत्या, पाय कसा आहे?"

"गार हाय," आत्या म्हणाल्या.

मी खुर्चीवरून उठलेच. "कुठला?"

"दोनी. कॅनॉलचं पानी सुटलंय, उसाला पानी देऊन आत्ताच आल्यात, बिनचपलेचं. दोनी पाय ओलंचिंब, दोनी गार, सारखंच गार. नख दाबलं, सोडल्यावर लाल झालं. बोटांना चिमटा काढला तर वरडलं. शेकला न्हाय. चूल बी पेटवली न्हाय अजून. तुला गार सांगायचं म्हणलं व्हतंस, म्हणून गार सांगितलं."

इतकं बरं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय. मी खुर्चीवर मागे रेलून बसले. समोर वॉर्डाचा कागद होता, त्यावर मामांचं नाव नव्हतं. मी खालच्या मोकळ्या जागेत ते लिहिलं आणि पुढे 'दोन्ही गार' असं लिहिलं. मग आत्यांना म्हटलं, फोन मामांकडे द्या, कारण बिनचपलेचं पाण्यात उतरल्याबद्दल त्यांना बोलायचं बाकी होतं.